पौगंडावस्थेतील संविभ्रमी विचारांचे मापन

दुसरे लोक आपल्याला जाणूनबुजून इजा पोहोचवीत आहेत किंवा पोहोचविणार आहेत, अशा आशयाच्या व पुरेसा आधार नसलेल्या विचारांना संविभ्रमी विचार म्हणतात. पौगंडावस्थेतील मुलामुलींच्या मनात असे विचार किती वेळा येतात, ते त्यांना कितपत खरे वाटतात आणि त्यांपासून किती क्लेश होतात, हे प्रश्नावली, मुलाखत किंवा प्रयोग यांच्या साहाय्याने ठरविणे, हा मनोमितीतील तुलनेने नवा विषय आहे. प्रौढांसाठी अशी साधने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून होती. खास ह्या वयासाठी व खास ह्याच अनुभवासाठी रचलेली साधने मात्र बहुतांशी २०१० नंतरची आहेत.

संविभ्रमी विचाराची जी व्याख्या आज बहुधा गृहीत धरली जाते, ती डॅनिएल फ्रीमन व फिलिपा गॅरेटी ह्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी २००० साली मांडली. तीनुसार दोन गोष्टी आवश्यक ठरतात : आपल्याला इजा होत आहे वा होणार आहे असे त्या व्यक्तीला वाटले पाहिजे आणि ती इजा करण्याचा दुसऱ्याचा हेतू आहे, असेही तिला वाटले पाहिजे. अपघाताची किंवा आजाराची भीती यामुळे ह्या व्याख्येबाहेर राहते. सामाजिक भयगंडही वेगळा पडतो. ‘वर्गात बोलताना माझी फजिती होईल’ ही भयगंडाची भाषा होय. ‘माझी फजिती व्हावी म्हणूनच त्यांनी मला बोलावयास लावले’ ही संविभ्रमाची. लोक आपल्याकडे पाहतात, आपल्याचविषयी कुजबुजतात, रस्त्यावरील हसणे आपल्याला उद्देशून असते, अशा समजुतींना आत्मसंदर्भाच्या कल्पना म्हणतात. त्यांत इजेचा हेतू स्पष्ट नसतो. परंतु छळाच्या कल्पनांकडे जाणारी ती पहिली पायरी मानली जाते आणि मापनात त्यांचा वेगळा हिशेब ठेवला जातो.

एमील क्रेपेलीन (१८५६–१९२६) व ऑइगेन ब्लॉइलर (१८५७–१९३९) यांच्या काळापासून संविभ्रम हे प्रामुख्याने मनोविकाराचे लक्षण समजले जाई. ते एक तर असते किंवा नसते, अशी ती दृष्टी होती. त्यामुळे मापनापेक्षा निदानाला महत्त्व होते. जॉन एस. स्ट्रॉस या अमेरिकन मानसचिकित्सकाने १९६९ मध्ये असे प्रतिपादन केले, की संभ्रम व निर्वस्तुभ्रम (प्रत्यक्षात नसलेल्या गोष्टी दिसणे वा ऐकू येणे) हे निरोगी अनुभवापासून तीव्र विकारापर्यंत पसरलेल्या अखंड रेषेवरील बिंदू होत. हा विचार रुजल्यावर सर्वसामान्य लोकांमधील संशयाचे मोजमाप करण्यास अर्थ आला. फ्रीमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १,२०२ विद्यापीठीय विद्यार्थ्यांची पाहणी करून २००५ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सु. एकतृतीयांश विद्यार्थ्यांच्या मनात संशयाचे विचार नियमितपणे येत असल्याचे तीत आढळले. उत्तरांची रचना उतरंडीसारखी होती : तळाशी ‘लोक आपल्याला नावे ठेवतील’ ही सर्वत्र आढळणारी धास्ती, तिच्यावर आत्मसंदर्भाच्या कल्पना, त्यांवर सौम्य व मध्यम धोक्याचे विचार आणि अगदी टोकाला, मोजक्यांच्याच मनात, जिवावर उठलेल्या कटाची कल्पना.

मापनाचा आरंभ मिनेसोटा विद्यापीठातील स्टार्क हॅथवे व जे. सी. मॅकिन्ली यांच्या बहुअंगी व्यक्तिमत्त्व सूचीपासून धरता येतो (१९४३). तीतील सहावी श्रेणी संविभ्रमाची असून तीत ४० विधाने आहेत. विधानांची निवड आशयावरून न करता उत्तरांवरून केलेली होती. विशिष्ट विकाराचे रुग्ण आणि रुग्णालयात आप्तांना भेटावयास आलेले लोक यांची उत्तरे ज्या विधानांबाबत भिन्न पडली, ती श्रेणीत ठेवण्यात आली. त्यामुळे संशयाशी वरकरणी संबंध नसलेली काही विधानेही तीत शिरली. ह्या सूचीची १४ ते १८ वर्षांच्या वयोगटासाठी सुधारलेली ४७८ विधानांची आवृत्ती १९९२ मध्ये निघाली. परंतु इतकी लांबलचक सूची केवळ संशय मोजण्यासाठी कोणी वापरणे शक्य नव्हते. त्याच वर्षी ॲलन फेनिग्स्टाइन व पीटर व्हॅनेबल यांची २० विधानांची श्रेणी प्रसिद्ध झाली. ती महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी तयार केलेली, आटोपशीर व वापरण्यास सोपी असल्याने लोकप्रिय झाली. तिच्यात एक दोष होता. सर्वसाधारण कटुता, हेवा किंवा अविश्वास यांनाही तीत गुण मिळत असत.

ग्रीन, फ्रीमन व इतर यांची २००८ मधील श्रेणी हे त्यापुढील पाऊल होय. प्रत्येकी १६ विधानांचे दोन भाग, एक आत्मसंदर्भाचा व दुसरा छळाच्या कल्पनांचा, अशी तिची रचना होती. पुढे १०,००० हून अधिक व्यक्तींच्या उत्तरांचे विश्लेषण करून ती १८ विधानांवर आणण्यात आली : ८ विधाने आत्मसंदर्भाची व १० छळाची. गेल्या पंधरवड्याचा अनुभव विचारात घेऊन प्रत्येक विधानाला ० ते ४ गुण दिले जातात. छळाच्या भागात ११ वा अधिक गुण असल्यास विचार वैद्यकीय लक्ष देण्याइतके तीव्र आणि १८ वा अधिक असल्यास छळाचा संभ्रम असण्याची शक्यता आहे, असे मानतात. ही सुधारणा प्रश्न-प्रतिसाद सिद्धांतावर आधारलेली आहे. ह्या सिद्धांतात केवळ एकूण बेरीज न पाहता, प्रत्येक विधान तीव्रतेच्या कोणत्या पातळीवर माहिती पुरविते, हे पाहिले जाते. ‘लोक माझ्याविषयी बोलतात’ यासारखे विधान सौम्य पातळीवरील व्यक्तींमध्ये भेद दाखविते. कटाचे विधान अशा बहुतेकांकडून शून्यच गुण मिळविते, पण तीव्र पातळीवर तेच उपयोगी पडते. संविभ्रमाचे गुणांकन नेहमीच्या घंटाकृती वक्राप्रमाणे पसरत नाही. बहुतेकांचे गुण शून्यापाशी गोळा होतात व थोड्यांचे दूरवर जातात. म्हणून सरासरीवरून काढलेले निष्कर्ष ह्या क्षेत्रात फसवे ठरू शकतात.

प्रौढांच्या श्रेणी पौगंडावस्थेतील मुलांना जशाच्या तशा देण्यात खरी अडचण भाषेची नसून अनुभवाची आहे. डेव्हिड एल्काइंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये ह्या वयातील एका प्रवृत्तीला ‘काल्पनिक प्रेक्षकवर्ग’ असे नाव दिले. आपले दिसणे, बोलणे, चालणे यांकडे सर्वांचे लक्ष आहे, असे मुलामुलींना वाटत राहते. शरीर झपाट्याने बदलत असते, घराबाहेरच्या सोबत्यांचे मत आईवडिलांच्या मतापेक्षा मोलाचे होऊ लागलेले असते आणि मैत्रीचे गट जुळत-फुटत असतात. ‘सर्वजण माझ्याकडे पाहतात’ ह्या विधानाला चाळिशीतील मनुष्याने दिलेला होकार आणि तेरा वर्षांच्या मुलीने दिलेला होकार यांचे वजन सारखे धरता येत नाही. शिवाय ह्या वयातील संशय पुष्कळदा खराही असतो. चिडविणे, वाळीत टाकणे, वस्तू लपविणे, चोरून छायाचित्र काढून ते सर्वांना पाठविणे हे प्रकार शाळांतून घडतात. ‘काही मुले माझ्या विरुद्ध एकत्र आली आहेत’ असे जेव्हा एखादा मुलगा लिहितो, तेव्हा तो विकाराचे लक्षण नोंदवीत असेल किंवा तक्रार नोंदवीत असेल. कागदावरील खूण दोन्हींत एकच असते. संविभ्रमाच्या व्याख्येतील ‘पुरेसा आधार नसलेले’ हे शब्द कोणतीही स्वयंपूरित प्रश्नावली तपासू शकत नाही, ही ह्या मापनाची मूलभूत मर्यादा होय.

ही मर्यादा ओलांडण्याचे काही मार्ग आहेत. शाळेतील छळाविषयी स्वतंत्र प्रश्न विचारणे हा सर्वांत सोपा मार्ग. सोबत्यांना व शिक्षकांना विचारणे हा दुसरा; मात्र त्यात मुलाची गुप्तता धोक्यात येते. प्रयोगाचा मार्ग अधिक निर्णायक आहे. फ्रीमन यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लंडनच्या भुयारी रेल्वेतील एका डब्याचे संगणकनिर्मित आभासी दृश्य २०० सामान्य नागरिकांना दाखविण्यात आले. त्यातील सहप्रवाशांचे वर्तन कटाक्षाने तटस्थ ठेवलेले होते. तरीही ४० टक्क्यांहून अधिक लोकांच्या मनात त्या प्रवाशांविषयी काही ना काही संशय आला. तेथे दुष्ट हेतू असणे शक्यच नसल्याने त्या संशयाला बाह्य आधार नव्हता, हे निश्चितपणे म्हणता येते. प्रौढांवरील ह्या प्रयोगाचे तत्त्व मुलांनाही लागू पडते; परंतु शाळेतील शेकडो मुलांची पाहणी करावयाची असल्यास प्रश्नावलीवाचून गत्यंतर नसते.

लहान वयाच्या मुलांसाठी केरी वाँग, फ्रीमन व क्लेअर ह्यूझ यांनी सामाजिक अविश्वासाची श्रेणी वापरली. ब्रिटन व हाँगकाँग येथील ८ ते १४ वर्षे वयाच्या सु. २,५०० मुलांचा हा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. घरातील, शाळेतील व सर्वसाधारण अविश्वास असे तीन घटक तीत वेगळे मिळाले आणि बहुतेक मुले इतरांवर विश्वास ठेवणारीच असल्याचे दिसले. दोन अत्यंत भिन्न समाजांत तीच रचना टिकली, ही बाब महत्त्वाची आहे. कारण रचना न टिकल्यास दोन ठिकाणच्या गुणांची तुलना करणे निरर्थक ठरते. अँजेलिका रोनाल्ड व इतरांनी इंग्लंड व वेल्समधील जुळ्या भावंडांच्या दीर्घकालीन अभ्यासासाठी १६ वर्षांच्या मुलांना द्यावयाची प्रश्नावली २०१४ मध्ये मांडली. तीत संविभ्रमाची उपश्रेणी १५ विधानांची आहे. एकबीज व द्विबीज जुळ्यांच्या गुणांची तुलना केली असता, संविभ्रमाच्या बाबतीत व्यक्तिव्यक्तींमधील फरकांचा सु. निम्मा भाग आनुवंशिक कारणांनी स्पष्ट होतो, असा अंदाज निघाला. उरलेल्या निम्म्यात परिस्थितीचा वाटा येतो. हा आकडा संपूर्ण गटातील फरकांविषयी आहे. एखाद्या मुलाचा संशय ‘निम्मा आनुवंशिक’ असतो, असा त्याचा अर्थ होत नाही.

ह्या वयोगटासाठी मुळापासून रचलेले साधन जेसिका बर्ड, फ्रीमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑक्सफर्ड येथे सिद्ध केले. प्रथम त्यांनी ११ ते १५ वर्षे वयाच्या ८०१ ब्रिटिश शालेय विद्यार्थ्यांची पाहणी केली (२०१९). उत्तरांच्या घटक विश्लेषणात संविभ्रमाचे तीन घटक दिसून आले : सामाजिक इजा, शारीरिक धोका व कटाची शंका. यांतील पहिला घटक पौगंडावस्थेच्या दृष्टीने विशेष बोलका आहे. प्रौढ रुग्ण जेथे प्राणघाताच्या गोष्टी सांगतो, तेथे ह्या वयातील मुले बहुधा मैत्री तुटण्याच्या, गटातून वगळले जाण्याच्या, हेतुपुरस्सर अपमान केला जाण्याच्या गोष्टी सांगतात. प्रौढांच्या श्रेणीत ह्या इजेला फारशी जागा नसते. त्यामुळे मुलाचा तीव्र संशयही तीत कमी गुणांचा दिसू शकतो. ह्याच पाहणीत चिंता, खिन्नता, सोबत्यांशी असलेल्या अडचणी आणि समाजमाध्यमांवर घडणाऱ्या गोष्टींना मुले देत असलेला भावनिक प्रतिसाद यांचा संविभ्रमाशी निकटचा संबंध आढळला. त्यानंतर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेली १८ विधानांची ‘बर्ड पौगंडावस्था संविभ्रम सूची’ ह्याच तीन घटकांवर उभी आहे. सामान्य शाळांतील मुलांबरोबरच मानसिक आरोग्यसेवा घेत असलेल्या मुलांकडूनही तिची तपासणी करून घेण्यात आली. केवळ शाळेतील मुलांवर बेतलेले साधन तीव्र पातळीवर आंधळे राहते आणि केवळ रुग्णांवर बेतलेले साधन सौम्य पातळीवर. म्हणून ही दुहेरी तपासणी आवश्यक होती.

प्रश्नावलीतील होकार आणि प्रशिक्षित मुलाखतकाराचा निर्णय यांत केवढे अंतर पडते, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण ब्रिस्टल व आसपासच्या परिसरात १९९१-९२ मध्ये जन्मलेल्या मुलांच्या दीर्घकालीन अभ्यासातून मिळते. सु. १३ व्या वर्षी त्यांपैकी ६,४५५ मुलांना संभ्रम, निर्वस्तुभ्रम व तत्सम अनुभवांविषयी विचारण्यात आले. कोणीतरी पाळत ठेवते काय, छळ करते काय हे प्रश्नही त्यांत होते. ३८.९ टक्के मुलांनी गेल्या सहा महिन्यांत एखादा तरी अनुभव आल्याचे सांगितले. मुलाखतकाराने उलटतपासणी करून, झोपेतून जागे होतानाचे, तापातील किंवा साधे स्पष्टीकरण असलेले अनुभव वगळल्यावर हे प्रमाण १३.७ टक्क्यांवर आले (२००८). याचा अर्थ मुले खोटे बोलत होती असा नव्हे. ‘कोणी तुझ्यावर पाळत ठेवते का?’ ह्या प्रश्नाला ‘हो, माझा धाकटा भाऊ’ हे उत्तर अक्षरशः बरोबर असते. डब्लिनमधील शाळकरी मुलांच्या अशाच तुलनेतही (२०११) निरनिराळ्या प्रश्नांची विश्वासार्हता कमीजास्त असल्याचे दिसले. इतरांना ऐकू न येणारे आवाज ऐकू येतात का, हा प्रश्न सर्वांत भरवशाचा ठरला. आवाजाच्या प्रश्नाचे उत्तर त्या मुलाच्या अनुभवापुरते असते, संशयाच्या प्रश्नात मात्र दुसऱ्या माणसाच्या मनातील हेतू गुंतलेला असतो, हे येथे लक्षात घ्यावयास हवे.

असे असूनही हे अनुभव क्षुल्लक मानून सोडून देता येत नाहीत. न्यूझीलंडमधील डनीडन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या मुलांना वयाच्या ११ व्या वर्षी, कोणी पाठलाग करते किंवा पाळत ठेवते काय, मनातले ओळखते काय, इ. प्रश्न विचारले होते. २६ व्या वर्षी त्यांची पुन्हा तपासणी झाली. बालपणी ज्यांचे अनुभव तीव्र होते, त्या मूठभर मुलांमध्ये छिन्नमानससदृश विकाराचा धोका इतरांच्या सु. १६ पट होता (२०००). तथापि त्या मूठभरांतही बहुतेकांना तो विकार झाला नाही. एका वेळच्या गुणांवरून एका मुलाचे भवितव्य वर्तविणे म्हणूनच गैर ठरते. [→ छिन्नमानस]. प्रश्नावलीचे महत्त्व दुसऱ्या एका कारणाने आहे. संशय हा स्वभावतःच लपविला जाणारा अनुभव होय. ज्याला दुसऱ्याचा भरवसा वाटत नाही, तो आपला अविश्वास दुसऱ्याला सांगत नाही. पालक व शिक्षक यांना मुलाचे एकलकोंडेपण, चिडचिड किंवा शाळा टाळणे तेवढे दिसते. कागदावर खूण करणे त्या मानाने सोपे असते. मात्र ती खूण कोण पाहणार, हे मुलाला आधी सांगावे लागते. इजेचा खरा धोका आढळल्यास गुप्तता मोडावी लागेल, हेही आरंभीच स्पष्ट करणे उचित ठरते. हे मागाहून कळल्यास मुलाचा संशय मापनामुळेच खरा ठरतो.

उच्च गुणांचा अर्थ लावताना समाजातील स्थानही पाहावे लागते. अमेरिकेतील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना फेनिग्स्टाइन यांच्या श्रेणीवर गौरवर्णीयांपेक्षा अधिक गुण मिळत असल्याचे २००२ मध्ये दाखविण्यात आले. त्याही आधी, १९८१ मध्ये, टेरेल दांपत्याने ‘सांस्कृतिक अविश्वासा’ची स्वतंत्र सूची तयार केली होती. पिढ्यान्‌पिढ्या पक्षपात सोसलेल्या गटाचा सावधपणा हा विकार नसून परिस्थितीचे ज्ञान असू शकते, अशी तीमागील भूमिका आहे. भारतातील जातिभेदाचा अनुभव घेतलेल्या विद्यार्थ्याने ‘मला मुद्दाम डावलले जाते’ ह्या विधानाला दिलेला होकारही ह्याच दृष्टीने वाचावा लागेल.

अशा श्रेणी मराठीत आणावयाच्या झाल्यास केवळ भाषांतर व उलट भाषांतर यांनी काम भागणार नाही. ‘वाटणे’ हे मराठी क्रियापद पुसट शंका आणि पक्का समज या दोहोंसाठी चालते. मापनाला तर ह्या दोहोंतील अंतरच हवे असते. म्हणून ‘वाटते’च्या पुढे खात्री किती, हे वेगळे विचारावे लागते. ‘संशयी’ हा शब्द स्वभावदोष सुचवितो, तर ‘माझ्या पाठीमागे बोलतात’ हा वाक्प्रयोग कोणीही सहज वापरतो. करणी, मूठ मारणे, दृष्ट लागणे यांसंबंधीच्या समजुती हा आणखी एक प्रश्न आहे. घरातील व गावातील इतरांचीही तीच समजूत असल्यास ती मुलाचा वैयक्तिक संभ्रम मानली जात नाही. शेजारीण करणी करते, असे आई व आजी म्हणत असताना मुलगीही तसे म्हणत असेल, तर तो वेगळा प्रकार होय. सर्व घर नाकारत असताना ती एकटीच तसे म्हणत असेल आणि त्यापायी शाळेचा रस्ता बदलत असेल, तर तो वेगळा. विधाने निवडण्यापूर्वी त्या भागातील मुलांशी बोलून ती संशय कोणत्या शब्दांत व्यक्त करतात, हे टिपून घेणे आणि शहरी व ग्रामीण मुलांचे गुणमान स्वतंत्रपणे काढणे, हे प्रमाणीकरणाचे पहिले टप्पे ठरतात.